सात मिनिटांचा चित्रपट आणि आपल्या हातातील कॅमेरा

सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तीन तासांची कथा, नायक-नायिका, गाणी आणि शेवटची मारामारी उभी राहते. ज्यात कथा नाही, नायक नाही, निवेदकाचा आवाज नाही आणि जो अवघ्या सात-साडेसात मिनिटांत संपतो, त्याला आपल्यापैकी बरेच जण सिनेमा मानायलाच तयार होणार नाहीत. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रपटकार आर्थर जाफा यांनी २०१६ साली असाच एक चित्रपट तयार केला आणि जगभरच्या जाणकारांना त्याची दखल घ्यावी लागली. त्याचे नाव 'लव्ह इज द मेसेज, द मेसेज इज डेथ'. मराठीत सांगायचे तर 'प्रेम हाच संदेश, आणि संदेश म्हणजे मृत्यू'. नावातच एक कोडे आहे, आणि ते कोडे केवळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नाही. म्हणूनच आपल्या कुटुंबांनी या माणसाची आणि त्याच्या कामाची ओळख करून घ्यावी असे वाटते.

आर्थर जाफा यांचा जन्म १९६० सालचा, मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावचा. त्यांचे बालपण त्याच राज्यातील क्लार्क्सडेल येथे गेले. आईवडील दोघेही शिक्षणक्षेत्रातले. मिसिसिपी म्हणजे कापसाच्या मळ्यांचा आणि गुलामगिरीचा प्रदेश. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण शाळा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळ वेगळे, बसमधली जागा वेगळी, हे सारे त्यानंतर शंभर वर्षे चालूच राहिले. हे वाचताना आपल्या वाचकांना चवदार तळ्याची आठवण झाली तर नवल नाही. पुढे जाफा वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात शिकले. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. तेथे इथिओपियातून आलेले चित्रपटकार हाइले गेरिमा यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले.

त्यानंतरची बरीच वर्षे जाफा यांनी इतरांच्या चित्रपटांसाठी कॅमेरा चालवला. १९९१ साली ज्यूली डॅश या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा चित्रपट आला. त्याचे छायाचित्रण जाफा यांचे होते आणि सनडान्स महोत्सवात त्याला छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. स्पाइक ली यांच्या १९९४ सालच्या 'क्रुकलिन'चे छायाचित्रणही त्यांनीच केले. पण त्यांच्या मनात दुसरेच काही चालले होते. वर्षानुवर्षे ते मासिकांतील, वर्तमानपत्रांतील चित्रे कापून वह्यांमध्ये चिकटवत होते. एका पानावर एखाद्या गायकाचा चेहरा, शेजारी जमावाने मारलेल्या माणसाचे छायाचित्र, त्याच्या शेजारी एखादे यंत्र किंवा प्राणी. दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवली की तिसराच अर्थ निघतो, याचा अभ्यास ते या वह्यांतून करत होते. या वह्यांचेच पुढे चित्रपट झाले. 'लव्ह इज द मेसेज' जगापुढे आला तेव्हा जाफा पंचावन्न वर्षांचे होते. ज्यांना वाटते की आपले वय निघून गेले, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता या सात मिनिटांत आहे काय ते पाहू. बहुतेक दृश्ये जाफा यांनी स्वतः चित्रित केलेली नाहीत. ती त्यांनी इंटरनेटवरून, दूरदर्शनच्या बातम्यांतून, जुन्या चित्रफितींतून जमवली आहेत. थोडी त्यांची स्वतःची आहेत. जुन्या काळच्या काही दृश्यांवर तर चित्रे विकणाऱ्या कंपनीचा शिक्का तसाच दिसतो. आपल्याच बापजाद्यांच्या लढ्याची दृश्ये दुसऱ्याच्या मालकीची झाली आहेत, ही गोष्ट तो शिक्का न बोलता सांगून जातो.

चित्रपट सुरू होतो तो क्लीव्हलँड शहरातील एका कृष्णवर्णीय माणसाच्या मुलाखतीने. २०१३ साली तेथे अनेक वर्षे कोंडून ठेवलेल्या तीन तरुणींची सुटका झाली. त्यातील एकीला बाहेर काढायला हा शेजारी धावला होता. एक गोरी मुलगी धावत येऊन काळ्या माणसाला बिलगली, तेव्हाच काहीतरी भयंकर घडले आहे हे मी ओळखले, असे तो बातमीदाराला सांगतो. ऐकणारा आधी हसतो, आणि मग त्या हसण्याची त्यालाच लाज वाटते. त्यानंतर दृश्यांचा ओघ सुरू होतो. बास्केटबॉलचा खेळाडू हवेत झेपावतो. चर्चमध्ये लोक भान हरपून नाचतात. मार्टिन ल्यूथर किंग मोटारीत बसलेले दिसतात. नागरी हक्कांसाठी मोर्चे निघतात. पोहण्याच्या तलावावर आलेल्या एका शाळकरी मुलीला पोलीस जमिनीवर आदळतो. आणि वॉल्टर स्कॉट पळताना दिसतो.

वॉल्टर स्कॉट हा ५० वर्षांचा निःशस्त्र माणूस. ४ एप्रिल २०१५ रोजी दक्षिण कॅरोलायनातील नॉर्थ चार्ल्सटन येथे मोटारीचा मागचा दिवा नीट नाही म्हणून पोलिसाने त्याला थांबवले. तो पळू लागला तेव्हा पोलिसाने त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या. त्याने माझे हत्यार हिसकावले, माझ्या जिवाला धोका होता, असे पोलिसाने सांगितले. पण वाटेने जाणाऱ्या एका तरुणाने सारा प्रकार मोबाईलवर टिपला होता. त्या चित्रफितीमुळे खोटे उघडे पडले आणि २०१७ साली त्या पोलिसाला २० वर्षांची शिक्षा झाली. जाफा यांच्या चित्रपटात हा प्रसंग काही क्षणच येतो. लगेच दुसरे दृश्य येते. मधूनमधून सूर्याच्या धगधगत्या पृष्ठभागाचे चित्र पडदा व्यापून टाकते. माणसांच्या या हालअपेष्टांना आणि आनंदाला जाफा सूर्याएवढे मोठे करून दाखवतात.

याच ओघात राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येतात. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनमधील इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून ठार मारले. मारण्यापूर्वी सुमारे तासभर तो त्यांच्याच प्रार्थनासभेत त्यांच्या शेजारी बसला होता आणि त्यांनी त्याला प्रेमाने जागा दिली होती. मृतांपैकी धर्मोपदेशक क्लेमेंटा पिंकनी यांच्या अंत्यविधीत भाषण करताना ओबामा थांबले आणि एक प्रार्थनागीत गाऊ लागले. देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या कृष्णवर्णीय माणसालाही शेवटी गाण्याचाच आधार घ्यावा लागला, हे दृश्य पाहणाऱ्याच्या काळजात घुसते.

संपूर्ण चित्रपटाला कान्ये वेस्ट या गायकाचे २०१६ सालचे एक गाणे जोडलेले आहे. ते चर्चमधील समूहगानाच्या वळणाचे आहे. (या गायकाने २०२२ साली ज्यू समाजाविरुद्ध केलेली वक्तव्ये निषेधार्ह आहेत, हे येथेच नमूद केले पाहिजे.) आपण बौद्ध आहोत. देवाचा धावा करून दुःख संपत नाही, ही बाबासाहेबांनी आणि तथागतांनी आपल्याला दिलेली शिकवण आहे. तरीही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ज्या समाजाला एकत्र जमायला दुसरी जागाच ठेवली नव्हती, त्या समाजाने चर्चमध्येच आपले गाणे, आपली भाषणकला आणि आपली चळवळ वाढवली. किंग यांचे नेतृत्वही तेथूनच पुढे आले.

जाफा यांचे म्हणणे असे की, कृष्णवर्णीयांच्या संगीतात जे सामर्थ्य, जे सौंदर्य आणि जे परकेपण आहे, तेच आमच्या सिनेमात उतरले पाहिजे. त्यांचे गायक सरळ सूर लावत नाहीत. सूर वाकवतात, थरथरवतात, मध्येच तोडतात, लांबवतात. जाफा दृश्यांच्या बाबतीत हेच करतात. चित्र कधी संथ होते, कधी झटका देऊन पुढे जाते, कधी अर्ध्यावर तुटते. ज्यांनी आपल्याकडील भीमगीतांचे सामने ऐकले आहेत, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. गायक एखाद्या शब्दावर थांबतो, तो पुन्हा घोळवतो, ढोलकी क्षणभर गप्प होते आणि सारी वस्ती श्वास रोखते. त्या थांबण्यात जो अर्थ असतो तो कागदावरच्या शब्दांत नसतो. आपल्या समाजानेही असे प्रयोग केलेले आहेत. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातील गण-गवळण आणि हलका विनोद बाजूला सारून बाबासाहेबांचा विचार त्यात भरला, आणि आंबेडकरी जलसा उभा राहिला. तेव्हा नवा प्रयोग म्हणजे शिकलेल्या श्रीमंतांचे चोचले, हा समज आपण तरी बाळगू नये.

चित्रपटात एक किशोरवयीन अभिनेत्री, अमांडला स्टेनबर्ग, एक प्रश्न विचारते. कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीवर अमेरिका जेवढे प्रेम करते, तेवढे कृष्णवर्णीय माणसांवर केले असते तर हा देश कसा असता? सबंध चित्रपटाचा गाभा या प्रश्नात आहे. त्यांचे गाणे हवे, नाच हवा, खेळ हवा, केसांची ठेवण आणि कपड्यांची ढबही हवी. पण तोच मुलगा रस्त्यावर दिसला की पोलिसाचा हात बंदुकीकडे जातो. चित्रपटाच्या नावातील प्रेम आणि मृत्यू हे असे एकत्र आलेले आहेत.

वाचकहो, हा प्रश्न आपल्याला नवा आहे काय? ढोलकी वाजवणारा, हलगी वाजवणारा, लावणी नाचणारी, पोवाडा गाणारा, हे कोणाच्या घरातले होते? महाराष्ट्राची लोककला म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांच्या वारसांना गावात घर भाड्याने देताना आडनाव का विचारले जाते? अमेरिकेतील या बांधवांशी आपले नाते बाबासाहेबांनीच जोडून ठेवलेले आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही तेथील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन.

परंतु केवळ 'त्यांचे दुःख आणि आपले दुःख एकच' एवढे म्हणून थांबणे बरोबर नाही. जाफा यांच्या कामातून आणखी महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो. चित्र कोण घेतो, आणि ते कोण कापतो-जोडतो?

३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिस येथे रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी बेदम मारले. जवळच राहणाऱ्या एका गृहस्थाने आपल्या कॅमेऱ्यावर ते टिपले आणि साऱ्या जगाने पाहिले. एवढा ढळढळीत पुरावा असल्यावर न्याय मिळणारच, असे सर्वांना वाटले. पण खटल्यात पोलिसांच्या वकिलांनी तीच चित्रफीत एकेक चित्र थांबवून ज्युरीपुढे ठेवली आणि मार खाणारा माणूसच कसा अंगावर येत होता, हे पटवून दिले. २९ एप्रिल १९९२ रोजी पोलीस सुटले, शहर पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. चित्रफीत तीच होती. ती दाखवण्याची पद्धत बदलली आणि अर्थ उलटा झाला.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात १० जणांचे प्राण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे कारण सांगण्यात आले. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रण करून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला, त्यात या टँकरच्या कथेची कसून चिकित्सा आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे तर मारणाऱ्यांनीच आमच्या तरुणांना मारतानाची चित्रफीत काढली आणि ती पसरवली. दहशत बसवण्यासाठी काढलेली तीच चित्रफीत पाहून हजारो लोक रस्त्यावर उतरले. जुलमाने काढलेले चित्रही आपल्या हाती आल्यावर वेगळे बोलू शकते. जाफा यांनी सात मिनिटांत हेच केले आहे.

आता या चित्रपटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कलादालनात तो लागला. प्रेक्षक रडत बाहेर पडू लागले, वर्तमानपत्रांनी स्तुती केली, मोठमोठ्या संग्रहालयांनी तो विकत घेतला. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, १३ संग्रहालयांनी मिळून तो ४८ तास इंटरनेटवर विनामूल्य दाखवला. पण जाफा यांना स्वतःला या अश्रूंची शंका येऊ लागली. गोऱ्या प्रेक्षकाने सात मिनिटे रडावे, मन हलके करावे आणि घरी जावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता काय? म्हणून २०१८ साली त्यांनी 'द व्हाइट अल्बम' केला. सुमारे अर्ध्या तासाच्या या चित्रपटात त्यांनी कॅमेरा उलट दिशेने फिरवला. मी वंशवादी नाही असे सांगता सांगता आपला वंशवाद उघडा करणारी गोरी मुलगी, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये येणारा तो खुनी, आणि त्याच बरोबरीने जाफा ज्यांच्यावर प्रेम करतात अशा गोऱ्या मित्रांचे शांत चेहरे. दुःख भोगणाऱ्याकडे किती दिवस पाहायचे, आता दुःख देणाऱ्याकडे पाहा, असेच जणू ते सांगतात. या चित्रपटासाठी २०१९ साली त्यांना व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात सर्वोत्कृष्ट सहभागी कलावंताचा सुवर्णसिंह मिळाला.

माणूस मरतानाचे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवावे काय, असाही आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो. मृताच्या आईने ते दृश्य कितीदा पाहायचे? आणि आपल्या घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाने? आज अत्याचाराची प्रत्येक चित्रफीत क्षणात आपल्या मोबाईलवर येते. आपण ती संतापाने पुढच्या दहा जणांना पाठवतो आणि आपले काम झाले असे समजतो. शेजारी बसलेले मूल ते पाहत असते. आपल्या माणसांचा मारच खाल्ला जातो, एवढेच त्याच्या मनावर कोरले जाते. जाफा मृत्यूशेजारी खेळाडूची झेप ठेवतात, अश्रूंशेजारी नाच ठेवतात. आपला समाज म्हणजे केवळ जखमा नव्हेत, ही गोष्ट ते एका क्षणासाठीही विसरू देत नाहीत. आईवडिलांनीही हे भान ठेवावे. मुलाला अन्याय सांगायचा तर त्याच बैठकीत महाडचा सत्याग्रह सांगावा, १४ ऑक्टोबर १९५६ सांगावा, घरातील पहिली पदवी कोणी आणि कशी मिळवली तेही सांगावे.

आपल्या तरुणांच्या हाती आज कॅमेरा आहे. त्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, अन्यायाचे चित्रण केले तर मूळ फाईल कापू नये, तिच्यावर गाणे चढवू नये, आणि ज्या मोबाईलवर ती घेतली तो मोबाईल जपून ठेवावा. न्यायालयात अशा पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. दुसरी, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ मध्ये खटल्याच्या कामकाजाचे चित्रीकरण करण्याची तरतूद २०१६ पासून आहे. ती वकिलाला विचारून मागावी. तिसरी गोष्ट कायद्याची नाही. आपल्या घराघरांतल्या ट्रंकांमध्ये जुने फोटो पडलेले आहेत. दीक्षा घेतलेली आजी, गिरणीच्या दारातले आजोबा, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेला काका, पहिल्या जयंतीची मिरवणूक. वाळवी लागण्यापूर्वी ते बाहेर काढावेत, मागे नाव आणि साल लिहावे, आणि विहारात एका रविवारी सर्वांनी मिळून ते पाहावेत. एखाद्या मुलीने ते मोबाईलवर जोडून पाच मिनिटांचा चित्रपट केला तर तिला 'अभ्यास सोडून हे काय?' असे कोणी म्हणू नये.

जाफा यांनीही कात्री आणि वहीनेच सुरुवात केली होती. आपली चित्रे आपण जमवली नाहीत तर उद्या तीही दुसऱ्याच्या कपाटात जातील, आणि त्यांच्यावरचा शिक्काही दुसऱ्याचाच असेल.

जयभीम!